जाम झालेला ड्रम : जुन्या प्लिमथ-डॉज गाड्यांच्या मागच्या ब्रेकविषयी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडून इतिहासविषयक लेखाची अपेक्षा केली होती. ती आम्ही आमच्या परीने पूर्ण करीत आहोत. मात्र हा इतिहास राजवाड्यांचा आणि लढायांचा नाही, तो लोखंडाचा, गंजाचा आणि तो गंज सोडविणाऱ्या हातांचा आहे. आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आयटीआयच्या मार्गाने वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात स्थिरावले. त्यांच्या गॅरेजमध्ये अलीकडे एक नवाच ग्राहक येऊ लागला आहे. वाड्याच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची प्लिमथ किंवा डॉज पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी त्याची हौस असते. इंजिन एकवेळ सुरू होते. पण गाडी जागची हलत नाही, कारण मागची चाके धरून बसलेली असतात. चाक खोलून काढावे, तर आतला ब्रेकड्रम निघत नाही. मग घण उचलला जातो, आणि जी वस्तू आता कुठल्याही दुकानात मिळत नाही ती क्षणात तडकते. पुष्कळदा ड्रमऐवजी माणसालाच इजा होते. म्हणून या एका कामाविषयी सविस्तर लिहिण्याचे आम्ही ठरविले.

या अमेरिकन गाड्या आपल्याकडे इतक्या संख्येने आल्या कशा, हे आधी सांगितले पाहिजे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४७ पासून मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या गाड्या सुट्या भागांतून जुळविल्या जाऊ लागल्या. प्लिमथ, डॉज आणि डिसोटो ही त्या समूहातील नावे आपल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवत असतील. पुढे त्याच कारखान्यात फियाटची छोटी गाडी आली, तिची पद्मिनी झाली, आणि मोठ्या अमेरिकन गाड्या हळूहळू मागे पडल्या. या कारखान्याच्या मालकांची चरित्रे उपलब्ध आहेत. ज्यांनी तिथे गाड्यांचे नट आवळले त्यांची नावे मात्र कुठल्या ग्रंथात आम्हांस आढळली नाहीत.

ब्रेकच्या बाबतीत या समूहाच्या गाड्या आपल्या काळाच्या पुढे होत्या. १९२४ साली बाजारात आलेल्या पहिल्या क्रायस्लर गाडीलाच चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. १९२८ साली निघालेल्या प्लिमथमध्ये, म्हणजे तुलनेने स्वस्त गाडीतही, हीच व्यवस्था देण्यात आली. त्याच सुमारास फोर्डच्या गाड्यांचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात होते आणि फोर्डने तेलाचे ब्रेक स्वीकारले ते १९३९च्या गाड्यांवर. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो, तो नळ्यांतून चाकाजवळच्या लहान सिलिंडरपर्यंत पोहोचतो, तिथले दोन दट्टे बाहेर सरकतात आणि अर्धचंद्राकार दोन शू ड्रमच्या आतील भिंतीवर दाबले जातात. ही रचना समजली की गाडी वर्षानुवर्षे उभी राहिल्यावर कुठे काय अडकू शकते, याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या प्रश्नाचे मूळ मात्र ब्रेकमध्ये जितके आहे तितकेच एक्सलमध्ये आहे. आजच्या बहुतेक ड्रमब्रेकच्या गाड्यांमध्ये ड्रम हा एखाद्या डब्यावरच्या झाकणासारखा असतो. चाक काढले, दोन लहान स्क्रू काढले, थोडे ठोकले की तो हातात येतो. जुन्या प्लिमथ-डॉजमध्ये तसे नाही. तिथे ड्रम आणि मधला हब एकमेकांशी पक्के जोडलेले असतात, आणि तो हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर बसविलेला असतो. हबचे भोकही त्याच मापाने निमुळते. मध्ये खाचेत बसणारी पोलादी चावी असते आणि बाहेरून खाचांचा मोठा नट आवळून त्यातून दुपाखी पिन घातलेली असते. जुन्या विलीज जीपपैकी अनेकींच्या मागच्या एक्सललाही हीच पद्धत आहे. तेव्हा चाक काढल्यावर मध्यभागी मोठा नट आणि पिन दिसली, तर आपण निमुळत्या एक्सलच्या गाडीसमोर उभे असण्याची शक्यता मोठी, हे ओळखावे. शक्यता म्हणण्याचे कारण असे, की जुन्या फोक्सवॅगन बीटललाही मागे असाच मोठा नट असतो, परंतु तिचा ड्रम सरळ दातेरी टोकावर बसतो. तो अडकतो तो केवळ गंजाने.

निमुळता एक्सल म्हणजे गोल केलेली पाचर होय. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारलेली पाचर जितकी आत जाते तितकी घट्ट होते आणि ठोकणे थांबविले तरी आपली आपण बाहेर येत नाही. कारण तिचा उतार इतका कमी असतो की लाकडाचे घर्षण तिला धरून ठेवते. येथेही तेच घडते. मोठा नट आवळला की हब त्या उतारावर वर चढतो, किंचित ताणला जातो, आणि एक्सलला मिठी मारतो. इंजिनाची ओढ चाकापर्यंत नेण्याचे बहुतेक काम ही मिठीच करते; चावी केवळ मदतीला असते. याचा अर्थ असा, की नवीकोरी गाडी असली तरी हा हब हाताने निघणार नाही. न निघणे हा त्याचा दोष नाही, ते त्याचे कर्तव्यच आहे. त्यावर चाळीस-पन्नास पावसाळ्यांचा गंज चढला की काय होत असेल, ते वाचकांनीच समजून घ्यावे.

तेव्हा ‘ड्रम जाम झाला’ असे म्हणताना तो नेमका कुठे जाम आहे, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. अडकण्याच्या जागा तीन आहेत. एक, हब आणि एक्सल यांच्यामधील निमुळती बैठक. दोन, शूवरचे लायनिंग आणि ड्रमची भिंत; दमट हवेत उभ्या गाडीत ही दोन्ही गंजाने एकमेकांना चिकटतात. तीन, ड्रमच्या आतल्या तोंडाशी असलेला काठ. वर्षानुवर्षे घासून शूने ड्रममध्ये खोबण पाडलेली असते आणि तिच्या कडेला न झिजलेल्या लोखंडाचा उंचवटा राहतो. शू त्या खोबणीत बसलेले असतात, त्यामुळे हब एक्सलवरून सुटला तरी ड्रम बोटभर पुढे येऊन थांबतो.

निदान सोपे आहे. गाडी सुरक्षितपणे उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवून पाहावे. चाक मोकळे फिरत असेल, तर अडचण केवळ निमुळत्या बैठकीची आहे. फिरतच नसेल, तर शू धरून आहेत. पुलर लावल्यावर हब सुटल्याचा आवाज आला, पण ड्रम थोडा सरकून पुन्हा अडला, तर दोष त्या काठाचा. निदान न करता जोर लावणारा मिस्त्री तीन कुलुपांना एकच किल्ली लावून पाहत असतो.

‘सुरक्षितपणे उचलून’ हे दोन शब्द आम्ही वर सहज लिहिले, पण या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांतच आहे. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसविलेला असतो. हँडब्रेक ओढला की शाफ्ट थांबतो, आणि दोन्ही मागची चाके जमिनीवर असतील तोवर गाडीही थांबते. परंतु एक मागचे चाक जॅकवर उचलले की परिस्थिती पालटते. शाफ्ट थांबलेला असतानाही डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक पुढे जाऊ शकते. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला आहे, मिस्त्री निर्धास्त आहे, आणि गाडी जॅकवरून घसरते आहे. गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचीही हीच कथा. आजच्या गाड्यांवर काम शिकलेल्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच ते सांगणे हे मालकाचे व वस्तादाचे काम आहे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून भक्कम लाकडी ठोकळे लावावेत, जमीन सपाट व कडक असावी, आणि जॅकने उचलल्यावर एक्सलखाली पोलादी घोड्या लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली हात घालू नये. विटांवर गाडी उभी करण्याची आपल्याकडची प्रथा तर सोडूनच द्यावी. भाजलेली वीट भार सोसता सोसता पूर्वसूचना न देता फुटते.

चाकाचे बोल्ट सोडविताना आणखी एक खोच आहे. क्रायस्लर समूहाने डाव्या बाजूच्या चाकांना डाव्या आट्यांचे बोल्ट वापरले. चाक ज्या दिशेने फिरते त्यामुळे बोल्ट सैल होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. उजव्या बाजूचे बोल्ट नेहमीप्रमाणे सुटतात. डाव्या बाजूचे उलट दिशेने फिरवावे लागतात. बोल्टच्या माथ्यावर पुष्कळदा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते, पण गंजाखाली ते दिसत नाही. पान्याला लांब पाइप लावून दोन माणसांनी त्यावर उभे राहून डाव्या बाजूचा बोल्ट ‘सोडविण्याचा’ प्रयत्न केला, म्हणजे प्रत्यक्षात तो आवळून तोडला, असे प्रकार या गाड्यांच्या वाट्याला नेहमीच येतात. पहिला बोल्ट तुटला तेव्हा तरी थांबायला हवे.

आता शू. ते दाबून धरले गेले असतील तर दोन कारणे संभवतात. तेलाचा दाब आत कोंडला गेला आहे किंवा गंज चढला आहे. दाबाची परीक्षा आधी करावी. चाकामागच्या पत्र्यावर, ज्याला बॅक प्लेट म्हणतात, सिलिंडरच्या मागे एक निपल असतो. तो अर्धा फेरा ढिला केला आणि तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब कोंडलेला होता हे सिद्ध झाले. दोन्ही मागची चाके एकाच वेळी धरून बसली असतील, तर बॉडीपासून एक्सलपर्यंत येणाऱ्या रबरी नळीवर संशय घ्यावा. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिची वाट बंद झालेली असते. पायाच्या जोराने तेल पुढे जाते आणि परतीला वाट सापडत नाही. ब्रेक ऑइल रंग खाते, तेव्हा मडगार्डवर पडलेला थेंब लगेच पाण्याने धुवावा.

निपल उघडूनही चाक हलत नसेल तर गंज आहे असे समजून बॅक प्लेटवरील दोन ॲडजस्टर पाहावेत. हे विक्षिप्त आकाराचे, म्हणजे मध्यापासून एका अंगाला फुगीर असे कॅम असतात आणि प्रत्येक कॅम एका शूला ड्रमजवळ ढकलून ठेवतो. ते मोकळे करण्याच्या दिशेने फिरविले की शू आत ओढले जातात. दिशा ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे, चाक थोडेसेही फिरत असल्यास, ते फिरवीत कॅम हलवावा. घर्षण कमी झाले तर दिशा बरोबर. कॅमचे खिळे बॅक प्लेटमध्ये गंजलेले असतात, म्हणून तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी घालून ठेवावे. खालच्या बाजूला शूचे जे दोन टेकूचे बोल्ट दिसतात त्यांना मात्र हात लावू नये. तेही विक्षिप्तच आहेत, पण ते एकदा हलविले की शूची बैठक पुन्हा जुळविण्यासाठी वेगळे मापयंत्र लागते. आपल्या कामासाठी त्यांची गरजही नाही.

त्यानंतर ड्रमच्या बाहेरच्या घेरावर, चारी बाजूंनी फिरत फिरत, लाकडी किंवा तांब्याच्या हातोड्याने मध्यम ठोके द्यावेत. ड्रम घंटेसारखा वाजू लागला तर लायनिंग सुटले. आवाज बद्द येत राहिला तर अजून चिकटलेले आहे. हा कानाचा कसोटीदगड जुने मिस्त्री शब्दांत सांगत नाहीत, पण वापरतात सगळेच.

शू मोकळे झाले की मुख्य काम उरते, ते निमुळत्या बैठकीवरून हब उतरविण्याचे. त्यासाठी पुलर हवा, आणि तोही योग्य. तीन नखांचा, ड्रमच्या काठाला धरून ओढणारा पुलर सर्वत्र मिळतो, म्हणून तोच वापरला जातो. आणि तोच सर्वांत जास्त ड्रम मोडतो. ड्रमची भिंत बिडाची असते. बीड दाब सोसते, वाकणे सोसत नाही. काठाला धरून ओढले की सगळा जोर त्या भिंतीवर येतो, हबवर येत नाही. योग्य पुलर हबलाच, चाकाच्या बोल्टांच्या भोकांत पक्का बसतो; त्याच्या मध्यात जाड आट्यांचा भक्कम स्क्रू असतो आणि स्क्रूचे टोक एक्सलच्या टोकावर टेकते. स्क्रू फिरविण्यासाठी जाड लोखंडी पाना असतो, ज्याच्या बाहूवर हातोड्याने मारून तो फिरवायचा असतो. असा पुलर विकत मिळाला नाही तर चांगल्या टर्नरकडून जाड पोलादी पट्टीचा करून घ्यावा. भोकांची मापे त्याच हबवरून घ्यावीत आणि स्क्रूला बारीक आटे पाडावेत.

पुलर लावण्याआधी मोठ्या नटातील पिन काढून नट सोडवावा, पण काढून टाकू नये. तो उलटा करून, सपाट बाजू बाहेर ठेवून, एक्सलच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच परत चढवावा. यात दोन हेतू साधतात. स्क्रूच्या दाबाने एक्सलच्या टोकाचे आटे फुगून बिघडत नाहीत; आणि दुसरा हेतू जिवाशी निगडित आहे. निमुळती बैठक हळूहळू सुटत नाही. ती सुटते तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि हब, ड्रम व पुलर असे सगळे वजन एकदम बाहेर झेपावते. नट जागेवर असेल तर ते बोटाच्या पेरभर येऊन थांबते. नट नसेल तर समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर येते. म्हणून नट ठेवूनही पुलरच्या अगदी समोर कोणी उभे राहू नये.

स्क्रू आवळावा, पान्याच्या बाहूवर हातोडा मारावा, आणि मग थांबावे. हे थांबणे तरुण फिटरांना सर्वांत अवघड जाते. ताण दिलेल्या अवस्थेत पुलर रात्रभर राहू द्यावा, बैठकीच्या कडेला गंजावरचे तेल घालावे, सकाळी पुन्हा अर्धा फेरा आवळावा. पुष्कळदा मध्यरात्री, कोणी जवळ नसताना, तो बार होतो आणि सकाळी ड्रम नटाला टेकलेला आढळतो. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्यावेत.

अधीर झालेला माणसाचा हात मग एक्सलच्या टोकावर किंवा स्क्रूच्या माथ्यावर सरळ घण घालतो. हे का करू नये, याचे कारण गाडीच्या पोटात आहे. या एक्सलची बेअरिंगे निमुळत्या रोलरांची असतात आणि दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या आतील टोकांमध्ये, डिफरन्शियलच्या मध्यभागी, एक लहान पोलादी ठोकळा असतो. एका एक्सलवर बाहेरून आलेला धक्का त्या ठोकळ्यातून पलीकडच्या एक्सलला आणि तिथल्या बेअरिंगला पोहोचतो. म्हणजे उजव्या चाकावर घातलेल्या घणाचा ओरखडा डाव्या चाकाच्या बेअरिंगवर उमटतो. गाडी रस्त्यावर येते, काही महिन्यांनी दुसऱ्याच बाजूने घरघर सुरू होते, आणि तिचा संबंध त्या घणाशी कोणी जोडत नाही. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी आम्ही अशी एक प्लिमथ पाहिली. मालकाने घाई केली, कारागिराने घण घातला. ड्रम तडकला तो वेगळाच, पण खरा खर्च पुढे बेअरिंगांवर झाला. त्या कारागिराला दोष देण्यास आमचे मन धजत नाही. गाडीचे माहितीपुस्तक मालकाच्या कपाटात होते आणि ते त्याला कोणी वाचून दाखविले नव्हते.

उष्णतेचा उपाय शेवटचा, आणि तोही जपून. हब तापविला की किंचित फुगतो आणि मिठी सैल होते, हे खरे. पण आत ग्रीस आहे, रबरी सील आहे, ब्रेक ऑइल आहे आणि ते पेटते. वेल्डिंगची प्रखर ज्योत एका जागी धरली तर बीड तडकते. साध्या गॅसच्या मंद ज्योतीने, पुलरचा ताण ठेवून, केवळ हबभोवती सर्व बाजूंनी फिरत ऊब द्यावी, जवळ वाळूची बादली ठेवावी, आणि सील बदलावे लागेल हे गृहीत धरावे. काही जुने वाहनचालक आणखी एक युक्ती सांगतात. मोठा नट एक-दोन आटे ढिला करायचा, पिन परत घालायची, चाक लावायचे आणि मोकळ्या पटांगणात गाडी अतिशय सावकाश, आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. गाडीच्याच वजनाने बैठक सुटते. युक्ती खरी आहे. परंतु ती ज्या गाडीचे इंजिन चालते आणि इतर ब्रेक धड आहेत त्याच गाडीला लागू पडते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीवर तिचा प्रयोग करू नये, आणि रस्त्यावर तर मुळीच नाही.

ड्रम निघाला की आत काळ्या-करड्या भुकटीचा थर दिसतो. येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. त्या काळातील लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात, श्वासातून फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यामुळे होणारे फुफ्फुसाचे विकार आणि कर्करोग लगेच प्रकट होत नाहीत; वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी होतात. आपल्या गॅरेजमध्ये मात्र ड्रम निघाला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडविली जाते, आणि ते काम सहसा सर्वांत लहान पोराकडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. तो खटला ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचाच होता. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचे आदेश त्यात आहेत. कारखान्यात निदान नोंदवही असते. रस्त्याकडेच्या गॅरेजातील पोराची नोंद कोणाच्याही वहीत नसते, म्हणून त्याची काळजी त्याच्या वस्तादानेच घ्यायला हवी. धूळ कधीही फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून ती भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी, फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे, आणि नाकावर रुमाल न बांधता बारीक कण अडविणारा चांगला मुखपट्टा वापरावा. ते कपडे घरी नेऊन मुलाबाळांच्या कपड्यांत धुवू नयेत. लायनिंग नवे बसवून घेताना ॲस्बेस्टॉसविरहित मिळते, तेच मागावे.

पुढची तपासणी थोडक्यात सांगतो. सिलिंडरच्या रबरी टोप्या मागे सरकवून आत ओल आहे का पाहावे. असल्यास सिलिंडर खोलून नवे वॉशर घालावेत. लायनिंग गिअरच्या ऑइलने भिजले असेल तर एक्सलचे सील गेले आहे. सील बदलताना बॅक प्लेट काढावी लागली, तर तिच्या मागे असलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या ज्या बाजूच्या त्याच बाजूला आणि तितक्याच परत घालाव्यात, कारण बेअरिंगचे अंतर त्या चकत्यांवर ठरलेले असते. ड्रममधील काठ आणि खोबणी लेथवर काढून घेता येतात, पण व्यासात सर्वसाधारणपणे ६० हजारांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नये. त्यापुढे ड्रम पातळ होतो आणि तापल्यावर फाकतो.

परत बसविताना लोकांचा हात आपसूक ग्रीसच्या डब्याकडे जातो. पुन्हा जाम होऊ नये, ही भावना चांगली. पण निमुळत्या बैठकीवर ग्रीस लावू नये. एक्सल आणि हब दोन्ही स्वच्छ पुसून, गंजाचे डाग बारीक पॉलिश कागदाने काढून, कोरडेच बसवावेत. ग्रीस लावल्यास हब उतारावर वाजवीपेक्षा वर चढतो आणि आवळताना फाटण्याची भीती राहते. चावी खाचेत घट्ट बसते की डुलते ते पाहावे. तिच्या कडा दबलेल्या असतील तर नवी करून घ्यावी. नट किमान १४५ फूट-पौंड आवळायचा असतो, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला वीस किलोचे वजन टांगल्याइतका हा जोर आहे. टॉर्कचा पाना नसेल तर तो भाड्याने आणावा, अंदाजावर भागवू नये; कारण हा नट ढिला राहिला की आधी चावी तुटते आणि मग एक्सलची खाच खराब होते. इतके आवळूनही पिनचे भोक नटाच्या खाचेसमोर आले नाही, तर पुढच्या खाचेपर्यंत आवळावे. मागे ढिले करून कधीही जुळवू नये. पिन दरवेळी नवी घ्यावी. तिची किंमत चहाच्या अर्ध्या कपाइतकीही नाही.

शेवटी कॅम पुन्हा जुळवून शू ड्रमला किंचित घासतील इतके आणावेत आणि मग जरासे मागे घ्यावेत, ताजे ब्रेक ऑइल भरून चारही चाकांची हवा काढावी, आणि पेडल कडक लागते याची खात्री झाल्यावरच चाके जमिनीवर टेकवावीत. पहिली शंभरेक किलोमीटर गाडी चालली की चाके परत काढून तो मोठा नट पुन्हा टॉर्कच्या पान्याने तपासावा. पहिल्या खेपेस तो बहुधा थोडा फिरतो, कारण हब उतारावर आणखी किंचित वर चढलेला असतो.